दोन विती कमी

बुधवारी सकाळी कल्तूमानं भेगेवर अंगठा ठेवला, तर नख आत गेलं. सोमवारी तिथं केससुद्धा शिरला नसता.

शाळेच्या नव्या खोलीचा ईशान्य कोपरा. आतल्या बाजूनं, डोक्याच्या वर वीतभर. तिथून निघालेली भेग छपराच्या वाशांकडं चालली होती, सावकाश, घाई नसलेल्या मुंगीसारखी. कल्तूमानं घमेल्यातली ओली माती चिमटीत घेतली, भेगेत दाबली, वरून तळवा फिरवला. मग मागं वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर इज्जा पाण्याचे डबे लादलेल्या गाढवाला चढावर ढकलत होती आणि त्याला सुनावत होती, "चल रे, कायदसाहेबाच्या मेहुण्या. बसून पगार खायची सोय नाही इथं."

उद्या, गुरुवारी दहा वाजता, तो कायदसाहेब येणार होता. त्या डोंगराळ मुलखाचा सरकारी धनी. सोबत शहरातल्या प्रयोगशाळेचा तपासनीस. खोली पास झाली, की ताझर्त गावाच्या एकतीस घरांना दगड, माती आणि लाकडात घर बांधायची परवानगी. अडकून पडलेला मदतीचा हप्ताही सुटणार. नापास झाली, तर सिमेंटच. ज्या वाटेवर गाढव रडतं त्या वाटेनं सिमेंटचा ट्रक वर कसा यायचा, हे सह्या करणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. सहीला चढ लागत नाही.

भूकंपाला दोन वर्षं उलटून गेली होती. तंबूला सरकार तात्पुरता निवारा म्हणतं. त्या तात्पुरत्यात कल्तूमाच्या मुलीनं, ताम्मूनं, दोन इयत्ता संपवल्या, तिचे चार दात पडून नवे आले, आणि मागच्या हिवाळ्यात जो खोकला लागला तो उन्हाळाभर हटला नाही. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: ओल टाळा, मुलीला कोरड्या घरात ठेवा. कल्तूमा कागदाकडं आणि डॉक्टरकडं आळीपाळीनं बघत राहिली होती. हे औषध कुठल्या दुकानात मिळतं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. आता तिसरा हिवाळा कड्यावर येऊन बसला होता. सकाळी वर पांढरं दिसायला लागलं होतं.

खोली उद्या पास झाली, तर बर्फ पडायच्या आत निदान एक भिंतींचं, छपराचं घर उभं राहील. पण येत्या सोमवारपासून ताम्मू याच खोलीत बसणार होती. याच कोपऱ्याजवळ, खिडकीचा उजेड तिथं चांगला येतो म्हणून तिनं जागासुद्धा धरून ठेवली होती. आणि त्या कोपऱ्यात काय नाही, हे कल्तूमाला ठाऊक होतं. तिनंच ते झाकलं होतं.

*

वसंतात जवाद आला तेव्हा बायका त्याच्या बुटांवर हसल्या होत्या. मराकेशचा इंजिनिअर, अठ्ठावीस वर्षांचा, एका संस्थेनं पाठवलेला. गावाला बांधायला शिकवायचं, आणि गावानं मग आपली घरं आपण बांधायची. शिकायला पुरुष कुठून आणायचे? धडधाकट होते ते सगळे शहरांत. कल्तूमाचा नवरा अगादीरला मासळीच्या कारखान्यात. शेवटी शिकायला बसल्या अकरा बायका आणि एक म्हातारा, दा बिही.

दा बिही सत्तरीचा गवंडी. निम्मं ताझर्त त्याच्या हातचं. त्याच्या हातच्या भिंतींनी भूकंपात चौदा माणसं पुरली. त्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता आणि कल्तूमाची सासू होती. गावानं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. लोकांनी फक्त त्याला मालम, म्हणजे उस्ताद, म्हणायचं सोडलं. पन्नास वर्षं ज्याला आख्खा डोंगर मालम म्हणत होता, त्याला आता नुसतं दा बिही म्हणायला लागले, कुठल्याही शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं. सहा महिने तो मशिदीच्या ढिगाऱ्यावर बसून होता.

जवाद पहिल्या दिवशी म्हणाला, "दगड वाईट नाही. मातीही वाईट नाही. घरं पडली, कारण चार भिंती एकमेकींच्या ओळखीच्या नव्हत्या. जमीन हलली तशी जी ती आपल्या दिशेनं निघून गेली."

मग त्यानं कमरेचा पट्टा काढला. बायकांनी ओढण्या तोंडावर घेतल्या.

"पोराला घरी कुणी खायला घालत नाही वाटतं," इज्जा म्हणाली. "पँट बघा कशी लोंबतीय."

जवादनं पट्टा कमरेला वेढला आणि दोन टोकं वीतभर लांब धरली. "असा धरला तर?"

"तर तुझी लाज गावाला दिसंल."

"घराचंही तसंच. जोत्यावर एक, खिडकीच्या डोक्यावर एक, छपराखाली एक, असे लाकडाचे तीन पट्टे भिंतीतून फिरवायचे. कोपऱ्यात एका तुळईला खाच, दुसरीला खाच, एकीवर एक चढवायची आणि आरपार खुंटी ठोकायची. टोकाला टोक नुसतं टेकवलं तर ते बांधणं नव्हे. ते शेजारी झोपणं झालं."

"नुसतं शेजारी झोपून काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचार," इज्जा म्हणाली, आणि दा बिही उठून लांब जाऊन बसला. पण त्या दिवसापासून अकरा जणी पट्टा म्हणजे काय ते कधी विसरल्या नाहीत. म्हणूनच पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणू नये. सगळ्यांना सगळं समजलेलं होतं.

झालं ते मशिदीच्या तुळईमुळं.

भूकंपात मशीद कोसळली तेव्हा तिच्या मोठ्या अक्रोडी तुळईचा एक लांब तुकडा शेजारी कल्तूमाच्या अंगणात येऊन पडला. एक टोक जमिनीत, दुसरं दगडी डोणीवर. वरून घराची भिंत आली आणि तुळईच्या पाठीवर थांबली. अकरा तासांनी लोकांनी दगड उपसले तेव्हा त्या पोकळीत ताम्मू होती, पिठात लोळल्यासारखी पांढरी, डोळे उघडे. तीन हातांवर सासू होती. तिच्यावर तुळई नव्हती.

त्या दिवसापासून ते लाकूड लाकूड राहिलं नाही. बायका येऊन त्याला हात लावायच्या आणि तो हात आपल्या पोरांच्या डोक्यावर ठेवायच्या. कल्तूमानं तर त्याला ओठ लावले होते, एकदा नव्हे, कैकदा.

खोलीचा दुसरा पट्टा घालायचा होता त्या शुक्रवारी जवाद खुंट्या करायचं लाकूड आणायला खाली गेला होता. नमाज झाल्यावर दा बिही उठला. तुळईला ऑलिव्हचं तेल चोळलं, टोकांना मेंदी लावली आणि सहा बायकांच्या खांद्यांवरून ती वाजतगाजत भिंतीवर आणली. शाळेच्या भिंतीत बरकत हवी. लेकरांच्या डोक्यावर याहून चांगलं काय असणार? कुणाच्या मनात पाप नव्हतं.

तुळई दोन विती कमी पडली.

ईशान्य कोपऱ्यापर्यंत ती पोचलीच नाही. आणि या टोकाला तिला खाच नव्हती. बरकतीच्या लाकडाला करवत लावायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. दुसऱ्या टोकाला मशिदीतलीच जुनी खाच आणि खुंटीचं भोक होतं, तिथं ती आडव्या तुळईवर बसली. या टोकाला टेकायलाही काही नव्हतं.

कल्तूमा त्या कोपऱ्यावर होती. ती हळूच म्हणाली, "दा बिही, हे पुरत नाही."

"बसंल."

"खाच?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. मग खाली उभ्या असलेल्या ताम्मूकडं. "याला करवत लाव म्हणतेस? तू?"

ती गप्प बसली. सावडीला आलेल्या हाताला नाव ठेवायचं नाही, हा ताझर्तचा कायदा. एकमेकांची शेतं कापताना, एकमेकांची छपरं लिंपताना, हाच कायदा. कुणाचा दगड वाकडा बसला, तर तो गेल्यावर गुपचूप सरळ करायचा, तोंडावर बोलायचं नाही. त्या कायद्यावर गाव शेकडो वर्षं जगलं. आणि त्याच कायद्यानं चौदा माणसं मेली असतील, असं कल्तूमाला पुढं कितीतरी वेळा वाटलं. वाकड्या दगडाला तोंडावर वाकडा म्हणणारं गावात कुणी नव्हतंच.

तिनं चांगल्या तोंडाचा एक दगड निवडला, बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन वितींच्या त्या भगदाडात बसवला. चिखल भरला. वर पुढचा थर घेतला. पुढच्या आठवड्यात पट्ट्यांवर चुन्याचं लिंपण चढलं आणि आत काय आहे ते दोघांपुरतं उरलं.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, जवाद परतला होता. "दुसरा पट्टा?"

"झाला," दा बिही म्हणाला.

"सांधे?"

"झाले म्हटलं ना."

जवादनं फॉर्मवर लिहिलं: चारही कोपरे पाहिले.

*

बुधवारी दुपारी कल्तूमा पुन्हा कोपऱ्यात गेली. सकाळी दाबलेली माती वाळली होती आणि तिच्या मधोमध नवी रेघ पडली होती. तिनं हात वर केला तोच मागून आवाज आला.

"किती वेळा भरशील?"

दा बिही दारात उभा होता. काठी भिंतीला टेकवलेली, हात मागं.

"भेगेचं तुम्हाला माहीत होतं?"

"मला भिंती कळतात, पोरी. घरं पाडली म्हणून कळत नाहीत असं नव्हे." तो आत आला. भेगेला हात लावला नाही. "छपराचं ओझं पडलं. कोपरा बाहेर सरकतोय. थोडा सरकंल आणि थांबंल."

"थांबंल?"

"साध्या दिवसांत थांबंल."

"आणि जमीन हलली तर?"

बाहेर पोरं तंबूशाळेत पाढे म्हणत होती. ताम्मू खोकली की पाढा अडखळायचा, मग पुढं जायचा.

"उद्या सही होऊ दे," दा बिही शेवटी म्हणाला. "कागद हातात पडू दे. मग आपण दोघं उघडू. शुक्रवारी. कुणाला कळायला नको."

"शुक्रवारी गाव शेळी कापणार आहे. वरच्या वाड्यांचे लोक जेवायला येणार. त्यांच्यासमोर आपण शाळेची भिंत फोडणार?"

"मग शनिवारी."

"दा बिही, माझ्या सासूच्या खोलीची भिंत फुगली होती. तुम्ही म्हणाला होता, ऑलिव्ह उतरले की बघू."

तिला हे बोलायचं नव्हतं. दोन वर्षांत ती एकदाही बोलली नव्हती. म्हाताऱ्याचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यानं काठी घेतली आणि ती पकडायला त्याला दोनदा हात पुढं करावा लागला. तो दारातून गेला तेव्हा तिला वाटलं, आपण एका माणसाला दुसऱ्यांदा ढिगाऱ्यावर नेऊन बसवलं.

ती जवादकडं गेली. अक्रोडाच्या झाडाखाली तो उद्याचे कागद लावत होता. दाढी वाढलेली, बुटांचे तळ फाटलेले; बायका आता त्या बुटांवर हसत नव्हत्या.

"जवाद, ईशान्य कोपऱ्यात दुसऱ्या पट्ट्याला सांधा नाही."

"आहे. मी लिहिलंय."

"मी दगड ठेवलाय तिथं. माझ्या हातानं. दोन विती मोकळ्या आहेत."

त्यानं फॉर्म काढून आपल्या सहीवर बोट ठेवलं. ती वाट बघत होती की हा आता उठेल, पहार मागेल. तो उठला नाही.

"त्या दिवशी मी नव्हतो," तो म्हणाला. "पण सही माझी आहे. तारीखही." त्यानं आवाज उतरवला. "कल्तूमाताई, तो कायद काय म्हणतो माहितीय? म्हणतो, म्हाताऱ्यांकडून आणि बायकांकडून बांधून घेताय, पडलं की मला सांगायला या. त्याला हेच पाहिजे. एक सांधा सापडला की तो खोली नाही, पद्धत नापास करणार. इथलीच नाही, पुढच्या पाच गावांची. संस्था सामान गुंडाळंल. मग तुम्ही आणि तुमचे तंबू."

"मग काय करू?"

"उद्यानंतर बोलू."

सगळ्यांचंच उद्यानंतर. कल्तूमा चालत सुटली. तिला जवादचा राग आला, आणि मग कळलं की तिच्या मनातही सकाळपासून तेच चाललंय. सही होऊ दे. ताम्मूला भिंतींच्या आत झोपू दे. एवढा एक हिवाळा जाऊ दे. जमीन काय रोज हलते? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं: त्या दिवशीही रोजचाच दिवस होता.

संध्याकाळी ती भट्टीवर भाकऱ्या लावायला गेली. इज्जा आधीच होती, जवाचं पीठ कोपरापर्यंत.

"ये गं कल्तूमे. तोंड बघ कसं झालंय, उद्या तुझंच लग्न असल्यासारखं." तिनं भाकरी थापली. "माझा मी बांधून ठेवलाय हं. लाल दोरा."

"काय?"

"तुकडा. मशिदीच्या लाकडाचा. दा बिहीनं मागच्याच आठवड्यात मोडके तुकडे घरोघर वाटून दिले, तुझाही माझ्याकडं ठेवलाय. लहानमोठं सगळं मोजलं, तर किती निघाले असतील? एकतीस. घरंही एकतीस. देवाची करणी बघ." इज्जानं भाकरी भट्टीत सरकवली. "प्रत्येक घराच्या ईशान्य कोपऱ्यात एकेक. शाळेत बसवला अगदी तसा."

कल्तूमाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "खाच पाडून?"

"बरकतीला कुणी खाच पाडतं का? शाळेच्या तुळईला पाडली? नाही ना? उभी आहे ना खोली?"

"इज्जा, जवादनं पट्टा काढून दाखवला होता. तूच हसली होतीस."

"हो, बाकीच्या तीन कोपऱ्यांना पाडू की खाचा. माणसाच्या लाकडाला माणसाची खाच. हे लाकूड वेगळं." इज्जा थट्टा करत नव्हती. तिचे दोन नातू त्या भूकंपात गेले होते. "तुझ्या पोरीवर ते आडवं आलं. माझ्यांवर काही आलं नाही. नव्या घरात तरी असू दे की गं माझ्याकडं एवढंसं."

भट्टीतला जाळ बघत कल्तूमा तिथंच बसली. एकतीस घरं. एकतीस कोपरे. ही खोली शिकण्यासाठी बांधलेली होती आणि गाव तिच्यातून शिकलं होतं, सगळ्यात पक्कं तेच शिकलं होतं जे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं एक दगड झाकला होता. उद्या सही झाली की तो दगड कायदेशीर होणार होता.

तिची भाकरी करपली. इज्जानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि गाढवासाठी बाजूला ठेवली.

*

गुरुवारी उजाडताच कल्तूमानं आधी टेकू लावले. शिकवलं होतं तसेच: कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन, छपराच्या मुख्य वाशाखाली एक, पाचरी ठोकून घट्ट. मग छन्नीनं चुना उडवला. चुन्याखाली तिचा दगड दिसला. चांगल्या तोंडाचा दगड. दोन वेळा पहार घातल्यावर तो हलला आणि तिसऱ्यांदा तिच्या मांडीवर आला.

पहिली इज्जा आली. "अगं ए. काय करतेस?"

"उघडतेय."

"आज? वेड लागलं का तुला? अर्धं घमेलं चुना आण गं कुणीतरी, ही बाई गाव बुडवायला बसलीय." मग तिनं भगदाडात पाहिलं. तुळईचं मेंदी लावलेलं टोक आत होतं आणि त्याच्यापुढं काही नव्हतं. तिनं आत हात घालून पाहिला, कोपरा सापडेपर्यंत. वीत, आणि आणखी एक वीत. इज्जाचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही आलं नाही, आणि हे ताझर्तनं पहिल्यांदाच पाहिलं.

मग बाकीच्या आल्या. बोलाचाली झाली. एक म्हणाली, कल्तूमाला तिच्या पोरीचा माज आहे, वाचली ना तिची. दुसरी म्हणाली, आमची पोरं तंबूत मरू देत, हिला भिंत शोभिवंत पाहिजे. कल्तूमा चिखल उपसत राहिली. जवाद धावत आला, भगदाड बघितलं आणि उंबऱ्यावर मटकन बसला. सगळ्यांच्या मागं दा बिही उभा होता. त्याला वाट देताना कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"झाकायला अजून दोन तास आहेत," कुणीतरी म्हणालं.

"झाकणार नाही," कल्तूमा म्हणाली. "झाकलं तर मी सांगणार. तुमच्या एकतीस दोऱ्यांचंही सांगणार."

कायदसाहेब दहाला येणार होता, नऊलाच आला. चांगली बातमी कधी वेळेच्या आधी येत नाही. चकचकीत बूट, मागं दोन शिपाई, आणि लोकरी टोपीतला बारका तपासनीस. चहाचं तबक घेऊन कुणी पुढं झालं नाही.

"हे काय?" कायद म्हणाला. "बांधून झालं म्हणून बोलावलं आणि पाडताना दाखवताय?" तो जवादकडं वळला. "तुमच्या फॉर्मवर चारही कोपरे पाहिल्याचं लिहिलंय."

जवाद उठून उभा राहिला. "लिहिलंय. तीनच पाहिले होते."

"आणि भिंत कुणी फोडली?"

"मी," कल्तूमा म्हणाली.

"बांधली कुणी?"

"मीच."

"म्हणजे बाईच बांधते, बाईच पाडते. आम्हाला कशाला त्रास?" शिपाई हसले. गावातलं कुणी हसलं नाही.

"दगड तिनं ठेवला," मागून आवाज आला. दा बिही काठी टेकत पुढं आला. "ठेवायला मी लावला. लाकूड कमी होतं ते मला दिसत होतं. चौदा माणसं मारली तेव्हाही मला दिसत होतं. साहेब, लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. बिही, अब्देल्लाचा मुलगा."

तपासनीस या सगळ्यात टेकू बघत होता. एक पाचर हलवून पाहिली, हलली नाही. भगदाडात टॉर्च मारली, पट्टी घालून माप घेतलं, मग बाकीच्या तीन कोपऱ्यांचा चुना थोडा थोडा खरवडून खाचा आणि खुंट्या पाहिल्या.

"या तुळईच्या टोकाला खाच का पाडली नाही?" त्यानं विचारलं.

शहरातल्या माणसाला हे कसं सांगायचं?

"खाच पाडून पुढं तुकडा जोडा, दीड हाताचा, एकावर एक चढवून," तो म्हणाला. "नाहीतर ते काढून टाका. आज मी पास करू शकत नाही." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. नापास लिहिलं की नाही, ते कुणाला दिसलं नाही. "माझी पुढची फेरी बारा दिवसांनी."

"बारा दिवसांनी बर्फ पडलेलं असंल," इज्जा म्हणाली. "वाट बंद."

"मग वाट उघडल्यावर," कायद म्हणाला आणि घड्याळ पाहिलं.

तपासनीसानं एकदा कड्याकडं पाहिलं, एकदा कल्तूमाकडं. "वाट असेल तर मी येईन," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वचन होतं की सवय, हे तिला कळलं नाही. गाडीची धूळ वळणावळणानं खाली गेली.

ताम्मू गर्दीतून पुढं येऊन आईजवळ थांबली, खोकली, आणि भगदाडात वाकून आपल्या तुळईकडं पाहू लागली.

जवादनं करवत आणली. ती कुणाला द्यावी ते त्याला कळेना. दा बिहीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "माझ्यानं व्हायचं नाही," तो म्हणाला. इज्जा दुसरीकडं बघत होती. अकरा जणींनी सगळ्या उन्हाळ्यात पन्नासेक खाचा पाडल्या होत्या, पण या लाकडावर करवतीचे दात ठेवायला एकही हात उठेना.

कल्तूमानं करवत घेतली.

"नीट विचार कर गं," इज्जा हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या पोरीवर आलं होतं ते."

"म्हणूनच मी."

ती टेकूंच्या मधे शिरली. मेंदीचा रंग उन्हात अजून लाल होता. तिनं तुळईवर तळवा ठेवला, पण या वेळी तो तळवा पोरीच्या डोक्यावर नेला नाही. काही होईल असं तिला आतून वाटत होतं, काय ते माहीत नव्हतं, तरी तिनं खांदा टेकवला.

"निम्म्या जाडीपर्यंत," दा बिही मागून म्हणाला. त्यानं वाकून मापाच्या दोरीचं एक टोक धरलं होतं. "माप सांग. मी पुढचा तुकडा काढतो."

"दीड हात आणि चार बोटं."

करवतीचा पहिला हात घसरला. दुसरा बसला. जुन्या अक्रोडाचा भुसा तिच्या पायांवर पडायला लागला, काळसर, कोरडा. कुणीतरी इज्जाला विचारलं, तुझ्या लाल दोऱ्याच्या तुकड्याचं काय. इज्जा म्हणाली, आधी हिचं होऊ दे, मग बघू, आणि तिनं खाली बसून दोरीचं दुसरं टोक धरलं. कड्यावरचं पांढरं सकाळपेक्षा खाली उतरलं होतं. बारा दिवस. कल्तूमानं वर पाहिलं नाही. अजून निम्म्या जाडीपर्यंत जायचं होतं.